गाडीला गंज लागू नये म्हणून

१८ मार्च १९९९, गुढीपाडवा

पाडव्याला नवी गाडी घेतली आणि घरी रिक्षाने आलो. हे वाक्य लिहितानासुद्धा माझं डोकं तापतंय.

पतपेढीने दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. तोंडाने बोलले असते तर भिंतीपलीकडच्या विमलाबाईंना सगळं ऐकू गेलं असतं, म्हणून इथे लिहिते.

गाडी कशाला घेतली ते आधी. देवळाबाहेर माझं हारांचं दुकान आहे. फुलं येतात एकलहऱ्याहून, माझ्या भावाच्या, बहिरूच्या मळ्यातून. पहाटे मी दूधवाल्याच्या टेम्पोत कॅनवर बसून जाते, फुलं भरते आणि मिळाली तर रिक्षाने परत येते. सकाळच्या आरतीच्या आधी दुकान लागलं नाही तर दिवस गेला. गेल्या दिवाळीत समोर एका पोराने दुकान टाकलं, स्वतःच्या टेम्पोसकट. तो माझ्याआधी लावून बसतो. माझी बांधलेली गिऱ्हाइकं मान खाली घालून त्याच्याकडे जातात. आणखी एक वर्ष असं चाललं तर मला दुकान बंद करावं लागेल. पंचवीस वर्षांचं दुकान. म्हणून मागे पाट्या मावतील अशी व्हॅन घ्यायची ठरली. निम्मे पैसे ह्यांच्या फंडाचे, निम्मे माझ्या हारांचे.

पूजा झाली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली. तेवढ्यात टाय लावलेला एक पोरगा आला. म्हणे, "काका, अँटी-रस्ट करून घ्या. खालून काळा लेप मारतो, दारांच्या आतसुद्धा. पाच वर्षं गंज नाही. इकडचा पाऊस, त्यात एकलहऱ्याच्या पावर स्टेशनची राख, पत्रा खाऊन टाकते."

मी म्हटलं, "मग एकलहऱ्याच्या लोकांच्या गाड्या काय लाकडाच्या आहेत?"

तो हसला आणि ह्यांच्या हातात कागद दिला. ह्यांनी कागद बघितल्यासारखा केला आणि परत दिला. "तूच वाच रे बाबा." साहेबांना आता वाचून दाखवायला माणूस लागतो! त्याने घडाघडा वाचलं आणि हे म्हणाले, "करून टाका." साडेचार हजार! मला विचारलंसुद्धा नाही. कंपनीने पत्र्याला रंग लावलाय तो काय हळदीकुंकवाला जायला? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

गाडी लेपासाठी तिथेच राहिली. मी फुटलेला नारळ मांडीवर घेऊन रिक्षातून आले.

२१ मार्च

शोरूमचा माणूस गाडी घेऊन आला. मी म्हटलं, तुम्ही का नाही आणली चालवत? नोटांच्या प्रेसमध्ये लागायच्या आधी हा माणूस ट्रकवर होता. सप्तशृंगीचा घाट रात्री उतरायचा, असं मला लग्नानंतर दहा वर्षं ऐकवत होता. आता म्हणे, "पहिल्यांदा शोरूमच्या माणसानेच आणायची असते." कुठल्या पोथीत लिहिलंय?

गाडी छान आहे, नाही म्हणणार नाही. पांढरीशुभ्र. पण वास डांबराचा. आणि तो माणूस जाताना सांगून गेला, लेप मुरेपर्यंत पंधरा दिवस आत ओलं काही ठेवू नका.

फुलं ओलीच असतात मेल्या. कोरडी फुलं देवाला कोण घालतं?

६ एप्रिल

पंधरा दिवस झाले. काल रात्री सांगून ठेवलं होतं, उद्यापासून गाडीने जायचं. पहाटे उठवलं तर पाठ फिरवून म्हणाले, "ओलं गोणपाट, ओल्या पाट्या. खालचा पत्रा सडेल. साडेचार हजार पाण्यात घालायचे का?"

मी म्हटलं, "लेप कशाला मारलाय मग? गंज लागू नये म्हणून ना?"

"लेप खालून आहे. आतल्या पत्र्याला नाही."

"मग आतून कशाला नाही मारला?"

पांघरूण डोक्यावर. गेले मी टेम्पोत, कॅनवर बसून. दूधवाला म्हणाला, "मावशी, नवी गाडी घेतली म्हणे?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो एकलहऱ्यापर्यंत पुन्हा बोलला नाही.

२ मे

परवा दुपारी हे गाडी काढायला निघाले. मला वाटलं, चला, सुबुद्धी झाली. फाटकातून बाहेर काढताना डावी बाजू खांबाला घासली. खर्रर्र. लख्ख उजेड, खांब तिथे वीस वर्षं उभा आहे. मी धावत बाहेर आले तर खाली उतरून खांबालाच शिव्या देत होते. "हा रंग कुणी दिलाय? भिंतीसारखाच रंग. माणसाला कळणार कसं?"

मी म्हटलं, "खांबाने तुमच्या अंगावर चालून यायला नको होतं, खरंय."

त्यानंतर दोन दिवस अबोला. बरं झालं, घरात शांतता होती.

१३ जून

आता नवीन फर्मान. पावसाळ्यात गाडी बाहेर काढायची नाही. चिखल खालच्या लेपाला चिकटतो म्हणे. जाड प्लॅस्टिकचा कागद आणला, द्राक्षवाले टाकतात तसला, आणि गाडी पायापर्यंत गुंडाळली. वर दोऱ्या. देव चार महिने झोपतात, आता गाडीचाही चातुर्मास. असून अडचण, नसून खोळंबा.

आणि मी? डोक्यावर पोतं घेऊन टेम्पोत. समोरच्या पोराने आज चिंचेखालच्या वकीलबाईंचं रोजचं गिऱ्हाईक उचललं. अठरा वर्षं त्या माझ्याकडून गजरा घेत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुम्हाला उशीर होतो हो, कलाताई."

घरी येऊन मी ह्यांना एवढंच म्हटलं, "तुमच्या गाडीला गंज नाही लागायचा. माझ्या दुकानाला लागला." ते खिडकीशी बसले होते. मान वळवली नाही.

२० जुलै

पेल्यात पाणी ओतताना अर्धं ताटात. मी ओरडले. "लक्ष कुठे असतं?" तर पेला भिंतीवर फेकला. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा. रिटायर झाल्यापासून ह्या माणसाला झालंय काय?

२९ ऑगस्ट

आज बहिरूचा अपमान झाला आणि तो मी विसरणार नाही.

संध्याकाळी तो आला होता. रस्त्याच्या पलीकडे सायकल लावली आणि हात वर करून हाक न मारता उभा राहिला, हे, त्याचे दाजी, फाटकातच होते म्हणून. दाजींनी सरळ त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि आत निघून आले. ओळख नाही, पाळख नाही. भिंतीला हात लावत लावत, जहागिरदारासारखे सावकाश.

बहिरू आत आलाच नाही. मी धावत गेले तेव्हा म्हणाला, "ऱ्हाऊ दे ताई. दाजींकडं आता गाडी हाय. आमच्या अंगाला मातीचा वास येतो."

"असं नको बोलूस रे."

"मी काय लय शिकलेला नाय, पण नजर फिरवलेली मला कळती."

आत येऊन मी विचारलं, माझ्या भावाला का नाही बोलवलंत? तर म्हणतात, "कधी आला होता तो?" खोटं! डोळ्यांदेखत खोटं! ह्याच माणसाने प्रेसमध्ये तीस वर्षं नोटा तपासल्या, गठ्ठ्यात एक रेघ पुसट असली तर काढून बाजूला ठेवायचा, आणि सख्खा मेहुणा दिसला नाही म्हणे.

गाडीने माज आलाय, दुसरं काय.

१६ ऑक्टोबर

दसरा मंगळवारी. झेंडूचा दिवस. वर्षाची निम्मी कमाई त्या दोन दिवसांत होते. बहिरूने सगळा मळा माझ्यासाठी राखून ठेवलाय, व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगितलं. दाजींनी त्याला तसं वागवल्यावरसुद्धा. भाऊ आहे तो.

आणि आज दूधवाला म्हणाला, दसऱ्याला गावी जातोय, टेम्पो बंद. रिक्षावाले झेंडूची पोती घ्यायला तयार नाहीत. मोठा टेम्पो आता कुणाचा मिळणार, सगळे बांधलेले. समोरचा पोरगा माझ्याकडे बघून हसला.

मी ठरवलंय. उद्या बोलते.

१७ ऑक्टोबर

बोलले. शांतपणे बोलले, म्हणून त्यांना जास्त लागलं असेल. "उद्या पहाटे गाडी निघाली नाही तर मी दुकान विकते आणि बहिरूकडे राहायला जाते. तुम्ही राहा तुमच्या कोऱ्या पत्र्यापाशी. त्यालाच हार घाला."

म्हणाले, "उजाडल्यावर निघू."

"उजाडल्यावर काय पालखी आणायची आहे? पहाटेच."

"बरं," म्हणाले. प्लॅस्टिक सोडायला लागले. दोरीची गाठ त्यांना सापडेना. मी वैतागून विळीने कापली.

१८ ऑक्टोबर, रात्री

अक्षर कसंही येईल, पण आजचं आजच लिहायचं.

पहाटे निघालो. अंधार होता. जेल रोड संपेपर्यंत दिवे आहेत, तोवर बरं चाललं होतं, म्हणजे माणूस चालेल त्या वेगाने. मी बडबडत होते. बैलगाडी बरी, पायी पोचले असते, ट्रकवर होतात की ट्रकखाली. दिवे संपले तसे स्टिअरिंगवर वाकून बसले, नाक काचेला लागेल इतके. म्हणाले, "कला, पुढे काय आहे ते सांगत राहा."

मला वाटलं, माझी चेष्टा करतात. मी तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत बसले. मुद्दाम. एक शब्द बोलले नाही.

समोरून पावर स्टेशनची रात्रपाळी सुटून सायकलवर येत होती. पाच-सहा माणसं, हँडलला डबे. मी मान वळवली तेव्हा ती आमच्या अगदी पुढ्यात होती आणि गाडी सरळ त्यांच्यात चालली होती. मी किंचाळले. ह्यांनी चाक ओढलं. गाडी रस्ता सोडून चरात गेली, डावी बाजू खाली, मी दारावर आदळले. एक सायकलवाला पडला होता. उठला, गुडघा झाडला, आमच्या आईबहिणी काढल्या आणि गेला. देवाने वाचवलं त्यालाही आणि आम्हालाही.

मी ह्यांच्याकडे वळले. आयुष्यात कधी बोलले नसेन असं बोलणार होते.

ते चाक धरून तसेच बसले होते. म्हणाले, "मला ती माणसं दिसलीच नाहीत. अंधारात मला काहीच दिसत नाही, कला. उजेडातसुद्धा फक्त समोरचं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. बाजूचं सगळं गेलंय."

"कधीपासून?"

"रिटायर व्हायच्या आधीपासून."

मी दार उघडलं, चरातून वर चढले आणि मळ्यापर्यंत चालत गेले. त्यांना गाडीत तसंच ठेवून. वाटेत मला रडू आलं नाही. राग इतका होता की पाय आपोआप पडत होते. बहिरूला सगळं सांगितलं. त्याने ट्रॅक्टर काढला. आधी म्हणाला, "दाजी एकटे अंधारात हायेत?" मग फुलांकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ त्यांना आणायला गेला.

झेंडू ट्रॉलीतून आला. उशिरा आला. तरी विकला गेला, दसरा आहे. बहिरूने दिवसभर पोती उतरवली.

२२ ऑक्टोबर

डोळ्यांचे डॉक्टर. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवता येते. रोज, वेळेवर, जन्मभर. डॉक्टर म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर..." आणि माझ्याकडे बघून थांबले. त्यांना कशाला माझ्याकडे बघायचं होतं? मला माहीत होतं का?

मला माहीत नव्हतं. एका घरात, एका ताटासमोर, आणि मला माहीत नव्हतं.

२५ ऑक्टोबर

आज विचारलंच. ओरडून विचारलं, विमलाबाईंनी ऐकलं तर ऐकू दे. "दिसत नव्हतं तर गाडी घेतली कशाला?"

"वाटलं, चष्मा बदलला की होईल. तू टेम्पोत कॅनवर बसून जायचीस. मला बघवत नव्हतं."

"तुम्हाला तसंही दिसत नव्हतंच की!"

बोलून गेले. ते हसले. त्या हसण्याने मला आणखी राग आला.

"आणि तो लेप?" मी म्हटलं. "साडेचार हजार?"

"शोरूममध्ये त्याने कागद दिला ना, तेव्हा पहिल्यांदा एक अक्षर लागलं नाही. तेव्हा कळलं, चष्म्याचं काम नाही हे. गाडीचे पैसे भरून झालेले. तू चाकाखाली लिंबंसुद्धा ठेवली होतीस. मग त्याने वाचलं, पंधरा दिवस आत ओलं ठेवू नका, पावसाला जपा. म्हटलं, हे बरंय. मला काय गंजाचं पडलं होतं? कारण मिळालं."

"अहो, पण मला सांगायचं!"

"नोटा तपासणारा माणूस मी. तुला काय सांगू, डोळे गेले म्हणून?"

सात महिने मी ह्या माणसाशी पत्र्यावरून भांडले. पत्रा, राख, चिखल, लेप. माझी सगळी भांडणं खोटी ठरवली त्याने. खऱ्याशी भांडायची संधीच दिली नाही. बहिरूला मी माज माज म्हणून सांगत बसले. मला शरम आणली ह्या माणसाने. मी त्याला माफ केलेलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

थेंब मात्र मीच घालते. त्यांचे बाहेर पडतात.

११ जानेवारी २०००

ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. वय एक्कावन्न. शिकवणारे शेखर सर माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत. पहिल्या दिवशी म्हणाले, "आजी, क्लच सावकाश." मी म्हटलं, "आजी असेल तुझ्या घरी. इथे कलाताई म्हण." गाडी चार वेळा बंद पडली, पाचव्यांदा नाल्याकडे निघाली. सरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला आणि रामाचं नाव घेतलं.

घरी सरावाला हे शेजारी बसतात. दिसत फारसं नाही, पण आवाजावरून सांगतात, "आता बदल गिअर. रडतेय ती." बरोबर असतं. त्याचाही राग येतो.

३ मार्च २०००

पास झाले. आज पहाटे पहिल्यांदा फुलं गाडीतून आणली. ओल्या पाट्या, ओलं गोणपाट, वरून आणखी दोन तांबे पाणी मारलं. समोरच्या पोराच्या आधी दुकान लावलं. वकीलबाई आल्या, थांबल्या, आणि गजरा घेतला. मी दर जरा जास्तच सांगितला.

९ सप्टेंबर २००१

खूप दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखा राग नव्हता. आज आहे.

गाडी धुताना डावं दार उघडलं तर आत पाणी हलल्याचा आवाज आला, भरलेल्या घागरीसारखा. खाली वाकून बघितलं. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. त्या शहाण्यांनी लेप मारताना सगळी बुजवून टाकली होती. केसातला आकडा काढून खुपसला. काळं लाल पाणी भळाभळा आलं. अडीच वर्षं पाणी आत. कुंडीला भोक नसलं तर मुळं कुजतात हे मला कळतं, त्या टायवाल्याला कळलं नाही. कडेने रंग फुगलाय, बोट लावलं की खपली निघते. चारही दारं तशीच. गंज लागू नये म्हणून पैसे मोजले आणि त्यानेच गंज आणला. लेप मारलाच नसता तर दारं कोरी राहिली असती.

गॅरंटीचा कागद घेऊन तडक गेले. लेपवाल्याच्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. शोरूमवाले म्हणाले, ते कंत्राट वेगळं होतं. मी तिथे काउंटरवर हात आपटून अशी बोलले की आतला चहावाला बाहेर बघायला आला. उपयोग शून्य.

घरी आले तेव्हा हे अंगणात गाडीपाशी खुर्ची टाकून बसले होते. आता समोरचंही धूसर झालंय, माणूस आवाजावरून ओळखतात. म्हणाले, "कुठे गेली होतीस तणतणत? गाडीला काही झालं का? गंज नाही ना आला कुठे?"

मी खोटं बोलत नाही. माझं तोंड कुणी कधी धरू शकलेलं नाही, हे अख्ख्या जेल रोडला माहीत आहे. तोंड उघडलं होतं, सगळं सांगणार होते, भोकं, पाणी, खपल्या.

"नाही," मी म्हटलं. "कोरी आहे."

ते वाकले. हात लांब करून चाचपत दारापर्यंत नेला आणि खालच्या कडेवरून हळूहळू फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. नोटांच्या गठ्ठ्यावरून फिरवायचे तसा. मध्ये एके ठिकाणी थांबले. एक खपली बोटाला लागून निघाली. ती त्यांनी अंगठ्याने चुरडली आणि बोटं पायजम्याला पुसली.

"बघ," म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? वसूल झाले पैसे."

असा राग आला की काय सांगू. पण थेंबांची वेळ झाली होती. त्यांना म्हटलं, मान मागे करा आणि हलू नका. रागाने माझेच पहिले दोन थेंब त्यांच्या गालावर गेले.